पाठपोट कागद

साखर कारखान्याची जीप बाराच्या सुमाराला आली आणि वस्तीसमोरच्या लिंबाखाली उभी राहिली, तेव्हा मनकर्णा सासऱ्यांच्या, आण्णांच्या, उशाशी बसून त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळणारी लाळ टिपत होती. सकाळपासूनचं हे चौथं फडकं. मांडीवर मुक्ता पदर ओढत होती. पोर दीड वर्षाची झाली होती, भाकरी कुस्करून दिली तर खात होती, पण घरात माणसं गोळा झाली आणि आवाज चढले की तिला आईशिवाय दुसरं काही चालत नसे. मनकर्णालाही खरं तर तसंच होई. फक्त तिला कुणाच्या पदरात शिरायची सोय नव्हती.

दोनच्या आत निघालं तरच दिवेलागणीला गाडी परत पोचेल, असं ड्रायव्हरनं दोनदा सांगितलं. राधाकृष्ण, आण्णांचा थोरला मुलगा, त्याला व्हय व्हय म्हणाला आणि तसाच उंबऱ्यात उभा राहिला. काल सकाळी खळ्यावर ज्वारीची कणसं पसरताना आण्णा कलंडले ते त्याच्याच हातावर. दुष्काळानंतरचं पहिलं धड पीक, आणि ते तसंच उघड्यावर पडलेलं. तेव्हापासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं. गाडीसाठी त्यानं कुणाकुणाचे पाय धरले हे त्यानं सांगितलं नव्हतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

शेवगावचे डॉक्टर काल फटफटीवर येऊन गेले होते. उजवी बाजू गेलीय, वाचाही गेलीय, म्हणाले. नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं, नळीनं पोटात अन्न गेलं, तर महिना-दोन महिने निघतील. इथं ठेवलं तर आठ-पंधरा दिवस. परत उठून चालतील का, असं गहिनीनाथनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी स्टेथास्कोप गुंडाळत गुंडाळत सांगितलं, "मला तरी वाटत नाही. पण छातीठोक नाही सांगणार."

ते शेवटचं वाक्य मनकर्णाच्या मनात कालपासून कुसळासारखं रुतून बसलं होतं.

गहिनीनाथ तिचा नवरा, शेवगावच्या हायस्कुलात शिक्षक. दोघं तिकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची, सणावाराला आणि सुट्टीला वस्तीवर यायची. त्यामुळे इथलं गू-मूत, गोठा, खळं सगळं थोरल्या जावेवर, साळूबाईवर. आताही साळूबाईच आण्णांचं धोतर बदलत होती. बदलता बदलता त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली तिच्या हातात आली. तिनं ती सोडली आणि नवऱ्यापुढे धरली.

"कागद बघून घेऊ," राधाकृष्ण म्हणाला. "मग निघू. तिकडं बरंवाईट झालं तर आल्यावर भांडत बसाया नको."

कुठला कागद, हे कुणी विचारलं नाही. गेल्या मार्गशीर्षात आण्णांनी धाकट्या सुनेला शेवगावहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि तिच्याकडून काहीतरी लिहून घेतलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साक्षीला पोस्टमास्तर आणि बांधशेजारी भिमाजी आले होते. त्या दिवसापासून साळूबाई मनकर्णाशी कामापुरतंच बोलत होती. रतनबाई मात्र एकदम गोड बोलायला लागली होती, आणि ते जास्त जड जात होतं. रतनबाई ही दोघा भावांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर बारा वर्षांपूर्वी माहेरी आली ती इथलीच झाली. पलीकडच्या दोन खणांत राहायची, दोन एकराचा तुकडा कसून खायची.

पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली तो होता, फुलस्कॅपचा एकच कागद, चार घड्यांचा. गहिनीनाथनं वाचायला घेतला. मनकर्णानं मान खाली घातली. आपलंच अक्षर आपल्या नवऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला चोरी उघडी पडल्यासारखं वाटत होतं.

तसं कागदात जगावेगळं काही नव्हतं. विहिरीखालचं बागाईत दोघा भावांना निम्मं निम्मं. माळरान राधाकृष्णला, कारण कसणारा तो. गुरं, अवजारं त्याचीच. गहिनीनाथला त्या बदल्यात वस्तीवरचे पूर्वेकडचे खण. आणि रतनबाई ज्या दोन खणांत राहते ते आणि ती कसते ते दोन एकर तिच्याकडे हयातभर. विहिरीचं पाणी आठवड्यातून एक दिवस तिचं. तिच्या माघारी सगळं भावांचं. खाली आण्णांची सही, अडखळत काढलेली, आणि दोन साक्षीदारांच्या.

मग राधाकृष्णनं पाण्याचं काढलं. आठवड्यातला एक दिवस म्हणजे उसाचं काय, त्यानं विचारलं. कारखान्याला ऊस लावायचं दोन वर्षं चाललंय, आण्णांना ते माहीत होतं, मग हे पाण्याचं कुणाच्या डोक्यातून आलं? तो हे सगळं भावाकडे बघून बोलत होता. थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरातली रीत. लग्नाला पाच वर्षं झाली, तो तिच्याशी कधी थेट एक शब्द बोलला नव्हता. पण बोट कुणाकडे होतं हे भिंतीलाही कळलं असतं.

"डोक्यातून कशाला कुनाच्या येतंय?" रतनबाई म्हणाली. "बापाला लेकीची दया आली. तेवढं बी डोळ्यात खुपतंय का?"

"आक्का, मी तुला कधी उपाशी ठेवली?"

"ठेवली न्हाईस. पन रोज इचारून जेवले मी."

गहिनीनाथनं दोघांना थांबवायचा प्रयत्न केला. त्यानं कायद्याचं काही सांगायला सुरुवात केली, मुलीला तसाही वाटा लागतो वगैरे, तर राधाकृष्ण म्हणाला की मास्तर, शाळा शाळेत. साळूबाई आण्णांच्या पायाशी बसून होती. ज्वारीच्या पात्यांनी तिच्या दोन्ही हातांवर बारीक चिरे पडले होते आणि ती एकेक चिरा अंगठ्यानं दाबून बघत होती, जणू हे सगळं दुसऱ्या कुणाच्या घरात चाललं होतं.

भांडण जितकं मोठं होईल असं मनकर्णाला वाटलं होतं, तितकं झालं नाही. सगळीच थकलेली होती. शेवटी राधाकृष्णनं हात झटकले. "ऱ्हाऊ द्या. पानी आन् जमीन कुठं पळून जात न्हाई. आधी त्यांना उचला. खाट तशीच घाला गाडीत."

गहिनीनाथनं कागदाची घडी घातली आणि पेटीत ठेवला.

त्यानं कागद उलटून पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता.

मनकर्णानं मुक्ताला घट्ट धरलं. आता बोलायचं, की नाही? मार्गशीर्षातली ती दुपार तिला स्पष्ट दिसत होती. साक्षीदार चहा पिऊन गेल्यावर आण्णा म्हणाले होते, अजून लिहायचं हाय. तिनं दुसरा कागद घेतला, तर त्यांनी हात धरला. एवढी जागा मोकळी हाय की मागं, कागद नासू नको. जन्मभर पाठकोऱ्या पत्रिकांवर हिशेब करणारा माणूस. मग तिनं मागच्या बाजूला लिहिलं. आधी तिनं आपल्या परीनं शुद्ध, कचेरीत शोभेल असं लिहिलं होतं. ते त्यांनी खोडायला लावलं आणि मी बोलतो तसं लिही म्हणाले. जमिनीचं काय, कायदा बघील, म्हणाले होते, माझ्या देहाचं कोन बघनार? पोरांना आत्ता सांगू नको, उगं मन खातील. येळ आली की तू सांग. तुला वाचता येतंय.

तिनं व्हय म्हटलं होतं. व्हय म्हणायला काय लागतं, माणूस समोर चालताबोलता असला की.

पण गेल्या श्रावणात सणाला वस्तीवर असताना मुक्ताला हगवण लागली होती. डोळे खोल गेले, टाळू बसली, पोर हातात चिंधीसारखी लोंबायला लागली. त्याच नगरच्या दवाखान्यात दोन बाटल्या सलाईन गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीनं आईच्या मंगळसूत्राला हात घातला. मनकर्णा बी. ए. झालेली, पण त्या सकाळी तिनं वॉर्डाच्या उंबऱ्याला डोकं टेकवलं होतं. त्या उंबऱ्याच्या आत आण्णांना नेऊ नका, असं आता आपल्या तोंडानं म्हणायचं. आणि डॉक्टर तर म्हणाले, छातीठोक नाही सांगणार. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? कागद पेटीत. पेटीला कुलूप. महिन्याभरानं कधीतरी कुणी उलटून बघेल, तेव्हा म्हणता येईल की गडबडीत राहून गेलं.

बाहेर ड्रायव्हरनं जीपचं मागचं फळकूट खाली पाडलं. त्या आवाजानं आण्णांचा डावा हात गोधडीवर हलला आणि काठ चिमटीत धरून राहिला.

"मागच्या बाजूला अजून आहे," मनकर्णा म्हणाली.

आवाज इतका लहान निघाला की तिला वाटलं कुणी ऐकलंच नाही. पण साळूबाईनं मान वर केली होती.

गहिनीनाथनं कागद परत काढला, उलटला. तो मनातल्या मनात वाचत गेला आणि त्याचा चेहरा वर्गातल्या मुलासारखा झाला, उत्तर न येणाऱ्या. त्यानं कागद तिच्याकडे दिला. मनकर्णानं मुक्ताला खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर पुढे घेतला आणि आपलं अक्षर आपण वाचलं.

"मी कोंडीराम, शुद्धीत असताना सांगतो. मी अंथरुणाला लागलो आणि परत आपल्या पायानं विहिरीपर्यंत जाईन असं डॉक्टरला वाटत नसेल, तर मला नगरला नेऊ नये. गावात होईल तो इलाज करावा. सुई टोचली तर माझी हरकत नाही. नाकात नळी घालू नये. माझे हात बांधू नयेत. पाणी मागितलं तर द्यावं, ठसका लागला तरी द्यावं. भामाच्या वक्ताला माझ्याच्यानं झालं नाही. याचा दोष कुठल्या पोराला की सुनेला कुणी लावू नये."

भामा म्हणजे सासूबाई, तीन वर्षांपूर्वी त्याच नगरच्या दवाखान्यात गेलेल्या. खाली फक्त सही होती. पुढच्या बाजूच्या सहीपेक्षा जास्त ठळक.

रतनबाई पहिली बोलली, आणि मनकर्णाला वाटलं होतं त्याच्या उलट. न्यायचंच, ती म्हणाली. आत्ताच्या आत्ता. आज या कागदात तिला जमीन मिळाली आणि आजच बापाला घरात ठेवून मारला, असं शेवगावच्या बाजारापर्यंत लोक म्हणतील. तिला नको ती जमीन, नको ते पाणी, फाडून टाका कागद. ती रडत नव्हती. हे सगळं ती भावाच्या शेजारी जाऊन उभी राहून बोलली. घटकाभरापूर्वी एकमेकांवर धावून गेलेली दोघं एका बाजूला झाली होती.

"मागं साक्षी न्हाईत," राधाकृष्ण म्हणाला. "पुढं हाईत, मागं न्हाईत. मग हे आण्णा बोलले कशावरून?"

"सही आहे की दादा," गहिनीनाथ म्हणाला.

"सही काय, कोऱ्या कागदावर बी घेता येती." आणि मग त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. तो मनकर्णाकडे वळला आणि सरळ तिच्याशी बोलला. "तू शिकलेली हायस. आमी अडाणी. तू सांग मला. नेलं तर उठतील का न्हाई?"

साळूबाईनं चिरे दाबायचं थांबवलं. मनकर्णाला कॉलेजातली तोंडी परीक्षा आठवली, आणि लगेच त्या आठवणीची लाज वाटली.

"मला माहीत नाही, भाऊ."

"मग?"

"माझी पोर त्याच दवाखान्यात वाचली. तुम्हीच रात्रीची बैलगाडी जुंपून आम्हाला फाट्यावर सोडलं होतं. काल तुम्ही मला विचारलं असतं तर मी न्या म्हटलं असतं. अजूनही माझ्या मनात येतंय, नेलं तर कोण जाणे." तिनं कागदातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "डॉक्टरांना वाटत नसेल तर, असं मी लिहिलं. डॉक्टरला नक्की सांगता आलं नाही तर काय करायचं, ते लिहायचं राहिलं. मला सुचलंच नाही. ती चूक माझी आहे. पण बाकीचं त्यांचं आहे. त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि हात बांधू नयेत हे आलंय ना, असं परत विचारलं. ते सगळ्यात आधी सांगितलं होतं त्यांनी."

रतनबाई खाटेशी गेली आणि बापाच्या कानाशी वाकून विचारू लागली, आण्णा, नगरला न्यायचं का, आण्णा. आण्णांचा डावा डोळा तिच्याकडे वळला, मग आढ्याकडे गेला. त्यात व्हय होतं की न्हाई, हे ज्यानं त्यानं आपापल्या मनाप्रमाणे ठरवलं असतं.

तेवढ्यात साळूबाई बोलली. मोठ्यानं नाही; गोठ्यात म्हशीशी बोलावं तसं.

"आत्याबाईचे हात मी बांधले हुते."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"सतरा दिस मी हुते तितं. तुमी येत-जात हुते, मी हुते. नळी उपसायच्या त्या. नर्सबाई म्हनली बांध, न्हाईतर परत घालाया लागंल, त्यात लई हाल हुतील. म्या लुगड्याचा काठ फाडला आन् बांधले. दोन्ही. खाटंच्या दांडीला." तिनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. "पानी मागायच्या. तोंडानं न्हाई, डोळ्यानं. आन् मी दुसरीकडं बघायची. नवव्या दिशी आण्णा आले. गाठी बघितल्या. मला वाटलं, आता मारतील मला. तर पिशवीतली मोसंबी खाली ठिवली आन् बाहेर जाऊन बसले. परत आत आले न्हाईत, शेवटपत्तुर."

"तू कधी सांगितलं न्हाईस," राधाकृष्ण म्हणाला.

"तुमी कधी इचारलं?"

ती उठली. मनकर्णाच्या हातातून तिनं कागद घेतला, उलटा की सुलटा हे न कळून जरा फिरवला, मग खाटेच्या कडेवर पसरला. "मागं साक्षी न्हाई म्हनता ना. मला वाचता येत न्हाई. पन ह्यातलं एक अक्षर खोटं न्हाई, एवढं मला कळतं. मनू, तुमच्या मास्तराची शाई दे."

गहिनीनाथच्या झोळ्यात पेपर तपासायची लाल शाईची दौत होती, तेवढीच. साळूबाईनं चिरे पडलेला अंगठा त्यात बुडवला आणि आण्णांच्या सहीखाली टेकवला. चिऱ्यांच्या पांढऱ्या रेषा लाल ठशात स्पष्ट उमटल्या. शाई झोंबली असणार; तिनं अंगठा पदराला पुसला.

अशा साक्षीला कुठल्या कचेरीत काही किंमत नाही, हे मनकर्णाला माहीत होतं, गहिनीनाथलाही. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि बायकोकडे न बघता अंगठ्याशेजारी सही केली. मग त्यानं पेन बहिणीकडे धरलं नाही, दौतच पुढे केली. रतनबाई दौतीकडे बघत उभी राहिली. लोक बोलतील, ती परत म्हणाली, पण या वेळी विचारल्यासारखं.

"बोलतील," साळूबाई म्हणाली. "दोन म्हैने तितं ठिवून आनलं तरी बोलतील. बोलू द्या. वन्सं, तुमी पाजा पानी. तुमच्या हातचं घेतील."

रतनबाईनं अंगठा लावला.

राधाकृष्णनं लावला नाही. कागदाकडे बघितलंही नाही. तो बाहेर गेला. आता तो चार माणसं घेऊन आत येईल आणि खाट उचलेल, असं मनकर्णाला वाटलं, आणि तसं झालं असतं तर तिनं आडवं जायला हात पुढे केला असता का, हे तिला पुढे कधीही सांगता आलं नाही. बाहेर बोलणं ऐकू आलं. ड्रायव्हरचा चढलेला आवाज, राधाकृष्णचा पडलेला. मग फळकूट लागल्याचा आवाज आला, आणि मग गाडी सुरू झाल्याचा. ती मागे वळली, ओढ्याच्या उतारावर घरघरली आणि हळूहळू ऐकू येईनाशी झाली. राधाकृष्ण आत आला नाही. लिंबाखाली, जीप उभी होती त्याच जागी, डोक्याला हात लावून खाली बसला.

मनकर्णाला उठून त्याला पाणी द्यावंसं वाटलं, पण ती रीत नव्हती. तिनं तांब्या गहिनीनाथच्या हातात दिला, आणि तो गेला.

रतनबाईनं चमच्यानं पाणी घातलं. निम्मं बाहेर आलं. निम्मं आत गेलं आणि घशात घरघर झाली, ठसका लागला. मग तो शमला. साळूबाई पदरानं हनुवटी पुसत म्हणाली की अजून एक चमचा, सावकाश, मान जरा डावीकडं. तिला सगळं माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी करता आलं नाही ते सगळं.

"तू जा," ती मनकर्णाला म्हणाली. "पोर केव्हाची किरकिरती. तिला पाज आन् जरा आडवी हो. आठ-पंधरा दिस हायेत म्हनले ना. पाळ्या लावून करू."

मार्गशीर्षानंतर पहिल्यांदाच जाऊ तिच्याशी कामाखेरीज काही बोलली होती. खरं तर हेही कामाचंच होतं. मनकर्णानं मुक्ताला उचललं. भिंतीला पाठ टेकून तिनं तिला पदराखाली घेतलं. डोळे मिटत होते, पण मिटले की डॉक्टर स्टेथास्कोप गुंडाळताना दिसत. छातीठोक नाही सांगणार. आता कुणीच कधी सांगणार नव्हतं.

खाटेवर आण्णांचा डावा हात गोधडीचा काठ सोडून वर आला. जरा हवेत राहिला, नाकापाशी गेला, तिथं काही नव्हतं. मग छातीवर येऊन पडला.

साळूबाईनंही ते बघितलं. तिनं तो हात उचलून नीट ठेवला नाही. जिथं पडला तिथंच राहू दिला.